सावरायचं की संपायचं?

काचेच्या दोन बशा. दोन्हींत उंदराच्या गर्भापासून वाढवलेल्या पेशी. दोन्हींवर अतिनील किरणांचा सारखाच मारा केला गेला. काही तासांनी पहिल्या बशीतल्या पेशी आकसल्या, त्यांचे तुकडे पडू लागले. दुसऱ्या बशीतल्या बहुतेक पेशी मात्र तग धरून राहिल्या. किरण दोन्हीकडे सारखेच पोचले होते. फरक एवढाच होता, की दुसऱ्या बशीतल्या पेशींकडे ‘जेएनके’ नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, नव्हतं. त्याची जनुकं आधीच निकामी केलेली होती.

अमेरिकेत वूस्टर इथल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयातले रॉजर डेव्हिस आणि त्यांचे सहकारी यांनी हा प्रयोग 2000 साली प्रसिद्ध केला. त्यातून एक विलक्षण गोष्ट पुढे आली. अशा माऱ्यात पेशीचा जीव थेट किरण घेत नाहीत. किरण लागल्यावर पेशी स्वतःच्या आत एक निर्णय घेते आणि त्या निर्णयाने ती मरते. हा निर्णय कोण घेतं, कसा घेतं, आणि तो चुकला तर काय होतं, हे गेल्या तीस-पस्तीस वर्षांत बरंच उलगडलं आहे. ते समजून घेण्यासारखं आहे, कारण पक्षाघात, कर्करोग आणि यकृताचे आजार या सगळ्यांत या निर्णयाचा वाटा असतो.

सुरुवातीलाच एक खुलासा. इथे ताण म्हणजे परीक्षेचा किंवा नोकरीचा ताण नव्हे. पेशीचा ताण रासायनिक आणि भौतिक असतो. अतिनील किरण, अति उष्णता, प्राणवायूची टंचाई, विषारी द्रव्यं, अन्नद्रव्यांचा तुटवडा, पेशीतल्या ऑक्सिडीकारक रेणूंची गर्दी, अशी त्याची रूपं आहेत.

मरण्याच्या दोन तऱ्हा

भाजलं, चेंगरलं किंवा रक्तपुरवठा एकाएकी तुटला की पेशी फुगते आणि फुटते. आतला ऐवज बाहेर सांडतो, आसपास दाह होतो, सूज येते. दुसरी तऱ्हा शांत आहे. पेशी आकसते. तिच्या केंद्रकातला डीएनए ठरावीक लांबीच्या तुकड्यांत कापला जातो. पेशीपटलाला फुगे येतात आणि पटलातच गुंडाळलेले तिचे बारीक तुकडे होतात. शेजारच्या पेशी किंवा भक्षक पेशी ते गिळून पचवतात. मागे सूज नाही, व्रण नाही. जॉन केर, अँड्र्यू वायली आणि अलेस्टर करी यांनी स्कॉटलंडमधल्या ॲबरडीन विद्यापीठात एकत्र काम करताना या दुसऱ्या तऱ्हेचा पाठपुरावा केला आणि 1972 साली तिला ‘अपॉप्टोसिस’ हे नाव दिलं.

हे मरण अपघाती नसतं, याचा भक्कम पुरावा जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या एका कृमीने दिला. सीनोरॅब्डायटिस एलिगन्स या कृमीची वाढ होत असताना 1090 पेशी तयार होतात आणि त्यांतल्या नेमक्या 131 मरतात. प्रत्येक कृमीत त्याच पेशी मरतात, आणि त्याच वेळी. जॉन सल्स्टन यांनी या पेशींची वंशावळ मांडली, रॉबर्ट हॉर्विट्झ यांनी त्यांना मारणारी जनुकं शोधली. सिडनी ब्रेनर यांच्यासह दोघांना 2002 चं नोबेल पारितोषिक मिळालं. आपल्या हाताची बोटं सुटी असतात तीही याच मरणामुळे, कारण गर्भावस्थेत बोटांच्या मधल्या पेशी ठरल्याप्रमाणे मरून जातात.

मरण रोखणारं प्रथिन

माणसाच्या पेशीतला हा निर्णय मुख्यतः बीसीएल-2 या प्रथिनकुटुंबाच्या हाती असतो. कुटुंबातलं पहिलं प्रथिन सापडलं ते रक्ताच्या कर्करोगात. फॉलिक्युलर लिम्फोमा या आजारात 14 आणि 18 क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदलले जातात आणि बीसीएल-2 हे जनुक अतोनात प्रथिन बनवू लागतं. ते पेशींना भराभर वाढायला लावत असणार, असं वाटणं साहजिक होतं. पण मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलायझा हॉल संस्थेत डेव्हिड वॉ, सुझन कोरी आणि जेरी ॲडम्स यांनी 1988 मध्ये दाखवलं, की या प्रथिनाने पेशी वाढत नाहीत, फक्त मरायच्या थांबतात. पेशींचं वेळेवर न मरणंसुद्धा कर्करोगाला कारण ठरतं, हे त्यातून कळलं.

पुढे या कुटुंबातली आणखी बरीच प्रथिनं सापडली. त्यांचे तीन गट पडतात. बीसीएल-2 आणि एमसीएल-1 यांच्यासारखी प्रथिनं पेशीला जगवतात. बॅक्स आणि बॅक ही दोन तंतुकणिकेच्या, म्हणजे मायटोकाँड्रियाच्या, बाहेरच्या पटलाला भोकं पाडतात. बिम, बॅड, प्यूमा यांसारखी तिसऱ्या गटातली लहान प्रथिनं जगवणाऱ्यांना निष्प्रभ करतात आणि भोकं पाडणाऱ्यांना मोकळीक देतात.

तंतुकणिकेला भोक पडलं की सायटोक्रोम-सी नावाचं प्रथिन बाहेर येतं. एरवी ते पेशीच्या श्वसनात इलेक्ट्रॉन वाहून नेतं, त्याच्यावाचून पेशीला ऊर्जा मिळत नाही. तेच प्रथिन बाहेर पडल्यावर मरणाची आज्ञा ठरतं, हे 1996 मध्ये अटलांटाच्या एमरी विद्यापीठात श्याओडाँग वांग यांनी दाखवलं, तेव्हा अनेक शास्त्रज्ञांना ते खरं वाटेना. बाहेर आलेलं सायटोक्रोम-सी ॲपाफ-1 या प्रथिनाला जोडलं जातं आणि सात आऱ्यांचं एक चक्र तयार होतं. त्या चक्रावर कॅस्पेज-9 हे विकर जागं होतं, ते कॅस्पेज-3 ला जागं करतं आणि कॅस्पेज-3 पेशीतली शेकडो प्रथिनं कापत सुटतं. त्यानंतर परत फिरणं जवळपास अशक्य. म्हणून खरा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. बॅक्सला मोकळीक मिळते कशी?

फॉस्फेट चढतो, फॉस्फेट उतरतो

पेशीला तयार प्रथिनाचं वागणं झटपट बदलायचं असतं तेव्हा ती बहुधा त्याला फॉस्फेट जोडते. एक फॉस्फरस, भोवती ऑक्सिजनचे अणू आणि ऋण विद्युतभार, एवढाच हा गट. तो सेरीन, थ्रिओनिन किंवा टायरोसीन या अमिनो आम्लांवर बसतो. पण त्याने प्रथिनाचा आकार बदलू शकतो, त्याचे सोबती बदलतात, पेशीतली त्याची जागा बदलते, कधी त्याचं आयुष्यच कमी-जास्त होतं. सिॲटलमध्ये एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांनी 1955 मध्ये स्नायूंमधल्या एका विकराचा अभ्यास करताना ही युक्ती शोधली. त्यांना 1992 मध्ये नोबेल मिळालं. फॉस्फेट चढवणाऱ्या विकरांना कायनेज म्हणतात आणि उतरवणाऱ्यांना फॉस्फटेज. मानवी जनुकसंचातल्या कायनेजांची यादी 2002 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा ती 518 भरली.

जेएनके हे यांतलंच एक कुटुंब. बॉस्टनमध्ये जॉन किरियाकिस आणि जोसेफ ॲव्हरुक यांनी उंदरांना सायक्लोहेक्झिमाइड हे रसायन टोचलं. या रसायनाने पेशीतली प्रथिननिर्मिती बंद पडते. त्या उंदरांच्या यकृतात त्यांना एक कायनेज एकदम सक्रिय झालेलं आढळलं. हे 1990 चं काम. 1994 पर्यंत त्याची जनुकं हाती आली आणि तेव्हाच पी-38 हे त्याचं भावंडही सापडलं. जेएनके-1 आणि जेएनके-2 शरीरात जवळपास सगळीकडे असतात. जेएनके-3 प्रामुख्याने मेंदूत असतं, काही प्रमाणात हृदयात आणि वृषणात.

हे विकर नुसतं असून भागत नाही, ते जागं व्हावं लागतं. त्याच्या वर एएसके-1 नावाचं कायनेज असतं. एरवी थायोरेडॉक्सिन हे लहानसं प्रथिन त्याला धरून गप्प बसवतं. थायोरेडॉक्सिनमध्ये गंधकयुक्त अमिनो आम्लांची एक जोडी आहे. पेशीत ऑक्सिडीकारक रेणू वाढले की या जोडीतले दोन गंधक एकमेकांना जोडले जातात, थायोरेडॉक्सिनचा आकार बदलतो आणि त्याची एएसके-1 वरची पकड सुटते. मोकळं झालेलं एएसके-1 मधल्या फळीतल्या एमकेके-4 आणि एमकेके-7 यांच्यावर फॉस्फेट चढवतं. ते दोघे मिळून जेएनकेवर दोन फॉस्फेट चढवतात, एक 183 व्या जागेवरच्या थ्रिओनिनवर, दुसरा 185 व्या जागेवरच्या टायरोसीनवर. त्यानंतर जेएनके कामाला लागतं.

प्रयोगशाळेत हे डोळ्यांनी पाहता येतं. पेशींना ताण द्यायचा, मग 0, 15, 30, 60 मिनिटांनी त्यांतली प्रथिनं काढून जेलवर वेगळी करायची आणि फॉस्फेट बसलेलं जेएनकेच तेवढं ओळखणारं प्रतिपिंड वापरायचं. या तंत्राला वेस्टर्न ब्लॉट म्हणतात. शून्य मिनिटाच्या रकान्यात जवळपास काही नसतं. पंधरा-तीस मिनिटांच्या रकान्यांत 46 आणि 54 किलोडाल्टनच्या ठिकाणी दोन काळ्या पट्ट्या उमटतात. भारतातल्या अनेक प्रयोगशाळांना अशा प्रयोगांसाठी लागणाऱ्या पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या भांडारातून मिळतात.

एक विकर, चार प्रथिनं

जागं झालेलं जेएनके काही काम केंद्रकात जाऊन, जनुकांमार्फत करतं. त्याला वेळ लागतो. मरणाच्या निर्णयात जलद वाट वेगळी आहे. तिथे तयार प्रथिनांवरच थेट काम होतं.

पहिलं प्रथिन बिम. निवांत पेशीत ते डायनिन या मोटर-प्रथिनाच्या एका भागाला बांधलेलं असतं आणि सूक्ष्मनलिकांपाशी अडकून राहतं. या बांधणीच्या जागीच जेएनके फॉस्फेट चढवतं. बंध सुटतो आणि बिम तंतुकणिकेकडे जाऊन जगवणाऱ्या प्रथिनांना जखडतं.

दुसरं बॅक्स. 14-3-3 नावाची प्रथिनं त्याला पेशीद्रवात धरून ठेवतात. जेएनके इथे बॅक्सला हात न लावता त्याला धरणाऱ्या 14-3-3 वरच फॉस्फेट चढवतं. पकड ढिली पडते आणि बॅक्स तंतुकणिकेवर पोचतं. टोकियोतल्या संशोधकांनी हे 2004 मध्ये दाखवलं.

तिसरं एमसीएल-1. हे जगवणारं प्रथिन फार अल्पायुषी असतं, सतत नवं बनवावं लागतं. त्याच्या 163 व्या जागेवर जेएनकेने फॉस्फेट चढवला की जीएसके-3 हे दुसरं कायनेज शेजारी 159 व्या जागेवर आणखी एक चढवतं. अशी दुहेरी खूण झालेलं एमसीएल-1 पेशीच्या विघटनयंत्रणेकडे रवाना होतं. मात्र जीएसके-3 ची साथ नसेल तर 163 चा तोच फॉस्फेट काही परिस्थितींत एमसीएल-1 ला अधिक काळ टिकवतो.

चौथं खुद्द बीसीएल-2. त्याच्या लवचिक भागातल्या 69, 70 आणि 87 या तीन जागांवर जेएनके फॉस्फेट चढवतं. त्याने काय होतं, ते पुढे पाहू.

याच वेळी उलट बाजूची कायनेजही राबत असतात. वाढीचे संदेश मिळाले की एकेटी हे कायनेज बॅडवर फॉस्फेट चढवतं आणि त्याला 14-3-3 च्या ताब्यात देतं. ईआरके हे कायनेज बिमवर वेगळ्या जागी फॉस्फेट चढवतं आणि त्याच्या विघटनाची सोय करतं. म्हणजे फॉस्फेट बसला की पेशी मरते किंवा बसला की जगते, असा सरसकट नियम नाही. तो कोणी, कुठे आणि कोणाच्या सोबतीने बसवला, यावर सगळं अवलंबून आहे.

किती वेळ?

माझ्या मते या सगळ्या विषयाचं मर्म वेळेत आहे. डॅलसमध्ये बेथ लेव्हिन यांच्या प्रयोगशाळेने 2008 मध्ये पेशींना उपाशी ठेवून पाहिलं. बीसीएल-2 एरवी बेक्लिन-1 या प्रथिनालाही धरून ठेवतं. पेशी स्वतःचे जुने, निकामी भाग पचवून त्यांतून अन्न आणि ऊर्जा मिळवते त्या प्रक्रियेला स्वभक्षण म्हणतात आणि बेक्लिन-1 ते सुरू करून देतं. उपासमार सुरू झाली की जेएनके-1 बीसीएल-2 च्या त्याच तीन जागांवर फॉस्फेट चढवतं. सुरुवातीच्या तासांत त्यामुळे बेक्लिन-1 सुटतं, स्वभक्षण सुरू होतं आणि पेशी तगते. उपासमार लांबली की तेच बीसीएल-2 बॅक्सलाही सोडतं आणि कॅस्पेज जागी होतात. विकर तेच, प्रथिन तेच, जागाही त्याच. आधी जीव वाचवला जातो, मग घेतला जातो.

याच गटाने 2012 मध्ये उंदरांच्या बीसीएल-2 मधल्या या जागा बदलून टाकल्या. साधे उंदीर पळवल्यावर त्यांच्या स्नायूंत स्वभक्षण वाढत होतं. या बदललेल्या उंदरांत ते वाढलं नाही आणि त्यांचा दमही लवकर संपला. म्हणजे ही यंत्रणा रोजच्या निरोगी श्रमातही कामाला येते.

डेव्हिस यांच्या गटाने 2006 मध्ये जेएनके हव्या त्या क्षणी बंद करता येईल अशी पेशी घडवली आणि तिला टीएनएफ हे दाहकारक प्रथिन दिलं. पहिल्या तासाभरातली जेएनकेची सक्रियता पेशीला तारणारी होती, त्यानंतरच्या काही तासांतली मारणारी. कोयनेचे दरवाजे एखाद्या सरीने उघडत नाहीत, पाऊस लागून राहिला आणि पातळी चढत गेली तर उघडावे लागतात. पेशीतही निकाल ताणाच्या तीव्रतेइतकाच त्याच्या मुक्कामावर ठरतो. हा मुक्काम लांबतो कसा, हे सॅन डिएगोत मायकल कारिन यांच्या प्रयोगशाळेने 2005 मध्ये दाखवलं होतं. ऑक्सिडीकारक रेणू फार वाढले की जेएनकेवरचे फॉस्फेट उतरवणारी फॉस्फटेज निकामी होतात आणि एकदा जागं झालेलं जेएनके झोपतच नाही.

म्हणूनच जेएनकेला मारेकरी म्हणणं चुकीचं आहे. जेएनके-1 आणि जेएनके-2 ही दोन्ही नसलेले उंदीर जन्मालाच येत नाहीत. त्यांच्या गर्भाचा मेंदू 1999 मध्ये तपासला गेला. मेंदूच्या मागच्या भागात ज्या पेशी मरायला हव्या होत्या त्या पुरेशा मेल्या नव्हत्या, आणि पुढच्या भागात गरजेपेक्षा जास्त मेल्या होत्या. एकाच गर्भात हे विकर एका जागी मरण घडवतं आणि दुसऱ्या जागी ते रोखतं.

औषधांचा खडतर प्रवास

मेंदूतल्या जेएनके-3 ने मोठ्या आशा निर्माण केल्या. हे जनुक नसलेल्या उंदरांना झटके आणणारं केनिक आम्ल दिलं तेव्हा त्यांना झटके कमी आले आणि स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसमधल्या चेतापेशी वाचल्या, असं 1997 मध्ये दिसलं. स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे बनवलेल्या एका पेप्टाइडने जेएनकेची वाट अडवली, तेव्हा मेंदूचा रक्तपुरवठा काही काळ तोडलेल्या उंदरांचं नुकसान खूप कमी झालं. पेप्टाइड सहा तासांनी दिलं तरी उपयोग झाला. हे 2003 चं.

माणसांत मात्र यश आलेलं नाही. अशाच पेप्टाइडची अचानक आलेल्या बहिरेपणावर चाचणी झाली, ती मुख्य कसोटीला उतरली नाही. एएसके-1 ला रोखणारं सेलॉनसर्टिब यकृताच्या आजारावरच्या मोठ्या चाचण्यांत 2019 मध्ये अपयशी ठरलं. वर सांगितलेलं सगळं ध्यानात घेतलं तर यात आश्चर्य नाही. जे विकर वेळेनुसार आणि जागेनुसार दोन्ही बाजूंनी काम करतं, ते सरसकट बंद केलं तर तारणारं कामही बंद पडतं.

यश आलं ते साखळीच्या खालच्या टोकाला. बीसीएल-2 च्या खाचेत नेमकं बसणारं व्हेनेटोक्लॅक्स हे औषध अमेरिकेत 2016 मध्ये रक्ताच्या एका कर्करोगासाठी मंजूर झालं. या कर्करोगाच्या पेशी मुख्यतः बीसीएल-2 च्या आधारावर टिकून असतात, तो आधार काढला की मरतात. 1988 मध्ये मेलबर्नमध्ये सापडलेलं सत्य 28 वर्षांनी रुग्णाच्या हातात गोळी होऊन आलं. मूलभूत संशोधनाला पैसे आणि वेळ का द्यायचा, याचं यापेक्षा चांगलं उत्तर मला माहीत नाही.

घरातली गोळी आणि यकृत

या विज्ञानाचा आपल्या घराशी सर्वांत थेट संबंध येतो तो पॅरासिटामॉलच्या निमित्ताने. योग्य मात्रेत हे अतिशय सुरक्षित औषध आहे. यकृत त्यातला बहुतांश भाग निरुपद्रवी करून बाहेर टाकतं. थोड्या भागापासून ‘नॅपक्वी’ नावाचा विषारी पदार्थ तयार होतो आणि यकृतातलं ग्लुटाथायोन त्याचा बंदोबस्त करतं. मात्रा फार वाढली की ग्लुटाथायोन संपतं. उरलेलं नॅपक्वी तंतुकणिकांतल्या प्रथिनांना चिकटतं, ऑक्सिडीकारक रेणू वाढतात, एएसके-1 मोकळं होतं आणि जेएनके जागं होतं. मग जेएनके तंतुकणिकेवर जाऊन तिथल्या ‘सॅब’ या प्रथिनाला जोडलं जातं, त्याने ऑक्सिडीकारक रेणू आणखी वाढतात आणि ते जेएनकेला पुन्हा चेतवतात. या फेऱ्यात सापडलेली यकृतपेशी शांतपणे आवरून जात नाही, ती बहुधा फुगून फुटते. लॉस एंजेलिसमध्ये नील कॅप्लोविट्झ यांच्या गटाने 2006 मध्ये उंदरांत जेएनके रोखलं, तेव्हा त्यांचं यकृत बऱ्याच अंशी वाचलं.

माणसांसाठी आज हाताशी असलेला उतारा आहे एन-ॲसिटिल सिस्टीन. तो ग्लुटाथायोनचा साठा भरून काढतो, म्हणजे जेएनकेचा फेरा सुरू होण्याच्या आधीच्या पायरीवर काम करतो. जास्त मात्रा पोटात गेल्यापासून आठ तासांच्या आत तो दिला तर परिणाम उत्तम होतो. अडचण ही, की पहिल्या दिवशी रुग्णाला फारसं काही जाणवत नाही. थोडी मळमळ होते, कधी तेवढीही नाही. तोवर यकृतातल्या पेशींचा निकाल लागत असतो.

म्हणून वाचकांना विनंती. निरोगी प्रौढ माणसासाठी दिवसाची कमाल मर्यादा 4 ग्रॅम आहे, म्हणजे 500 मिलिग्रॅमच्या आठ किंवा 650 च्या सहा गोळ्या. नियमित मद्यपान करणाऱ्यांनी आणि यकृताचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून याहून कमी घ्यावी. मुलांची मात्रा वजनावर ठरते, ती अंदाजाने देऊ नका. सर्दी-तापाच्या अनेक तयार गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच, तेव्हा वेष्टनावरची घटकांची यादी वाचल्याशिवाय दुसरी गोळी घेऊ नका. आणि घरात कोणाच्या पोटात चुकून किंवा जाणूनबुजून जास्त गोळ्या गेल्या, तर ती व्यक्ती कितीही ठणठणीत दिसत असली तरी लक्षणांची वाट न पाहता तिला तातडीने रुग्णालयात न्या.